जुना पत्ता, जुना नंबर: दादाचा व्यवसाय नेटवर नीट लावताना

दादा घड्याळं दुरुस्त करतो. मनगटावरची, भिंतीवरची, सेलवर चालणारी, चावीची, सगळी. गेल्या वर्षी त्याने जागा बदलली, पाठोपाठ मोबाइल नंबर बदलला, पण नेटवर दोन्ही जुनेच राहिले. नेहमीची माणसं विचारत विचारत पोचली. नवी पोचलीच नाहीत. आणि जो माणूस पोचलाच नाही तो तक्रार करायलाही येत नाही, त्यामुळे काम का रोडावलंय हे कळायलाच काही महिने गेले.

जानेवारीत मी हे अंगावर घेतलं, जूनमध्ये बऱ्यापैकी मार्गी लागलं. माझी नोकरी हिशेबाची, कॉम्प्युटरमधलं ज्ञान इतर कुणाइतकंच. वेळ मिळेल तसं संध्याकाळी बसून केलं. ज्यांच्या घरात असंच काम पडून आहे त्यांच्यासाठी झालं त्या क्रमाने लिहिते.

सुरुवातीला काहीच बदललं नाही, नुसतं पाहिलं. आपल्या फोनवर आपल्या सवयींप्रमाणे निकाल दिसतात. दादाच्या फोनवर दादा कायम पहिला. म्हणून इनकॉग्निटो (जुना शोध-इतिहास न वापरणाऱ्या) खिडकीत आणि मैत्रिणीच्या फोनवर शोधलं. जिथे जिथे दादा सापडला ती प्रत्येक जागा एका शीटमध्ये उतरवली: नाव काय लिहिलंय, पत्ता कोणता, नंबर कोणता, वेळ दिलीय का. बँकेचं पासबुक आणि आपली वही जुळवून पाहावी तसा ताळा घातला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. नाव प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं, पत्ता सगळीकडे जुना, वेळ जवळपास कुठेच नाही. हे शीट पुढे सगळीकडे उपयोगी पडलं. फॉर्म भरताना त्यातूनच कॉपी-पेस्ट करायचं, आठवणीतून टाइप करायचं नाही, एवढा एक नियम मी पाळला.

सगळ्यात महत्त्वाची जागा अर्थातच गूगल मॅप्स. तिथे दादाची नोंद होती, आणि तिच्याखाली काही वर्षांचे चांगले रिव्ह्यूही होते, पण ती आमच्या ताब्यात नव्हती. ‘या व्यवसायाचे मालक आहात का’ अशा अर्थाची लिंक दाबली, तर दुसरंच कुणी तरी आधीपासून ती सांभाळतंय असं उत्तर आलं, सोबत त्या माणसाच्या ईमेलची अर्धवट झाकलेली अक्षरं. दादाला मग आठवलं: पूर्वी एक जण ‘नकाशावर आणून देतो’ म्हणून आला होता, पैसे घेऊन गेला, त्यानेच स्वतःच्या ईमेलवर हे केलं असणार. त्याचा फोन आता लागत नाही.

अशा वेळी घाई करून नवी नोंद उघडण्याचा मोह होतो. उघडू नका. एकाच व्यवसायाच्या दोन नोंदी झाल्या की ग्राहक गोंधळतो, आणि जुने रिव्ह्यू जुन्या नोंदीवरच अडकतात. मालकीसाठी विनंती करण्याची सोय तिथेच आहे. नाव, नातं, संपर्क भरला की आधीच्या सांभाळणाऱ्याला ईमेल जातो आणि उत्तराला तीन दिवस मिळतात. त्याने नकार दिला तर अपील करता येतं. उत्तरच दिलं नाही तर बहुतेक वेळा नोंद ताब्यात घेण्याचा पर्याय दिसू लागतो. आमच्याकडे उत्तर आलं नाही. विनंती केल्याचा जो ईमेल येतो तो जपून ठेवा, पुढची लिंक त्यातूनच उघडते.

आणखी एक. याबद्दल नेटवर जे लिहिलेलं सापडतं त्यातलं बरंच जुनं आहे. नकाशावरची नोंद सांभाळण्याच्या या सोयीचं ‘गूगल माय बिझनेस’ हे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलून ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं, त्याचं वेगळं अ‍ॅप नंतर बंद झालं, आणि प्रोफाइलबरोबर मिळणारी फुकटची वेबसाइट मार्च २०२४ मध्ये गेली. आता सगळं काम लॉग-इन करून सर्चमधून किंवा मॅप्समधूनच होतं. लेख वाचण्याआधी त्याची तारीख बघा, नाही तर नसलेली बटणं शोधत बसाल.

ताबा मिळायचा तर पडताळणी व्हावी लागते. ती कशी करायची हे आपण ठरवत नाही. फोन, एसएमएस, ईमेल, व्हिडिओ यातलं जे समोर येईल ते. आम्हाला व्हिडिओ आला. दादा म्हणाला, “मी काय नट आहे का?”

व्हिडिओ एका दमात काढायचा, मधे न थांबवता, नंतर काटछाट न करता, किमान तीस सेकंदांचा. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: जागा कुठे आहे, तिथे खरंच हाच व्यवसाय चालतो का, आणि दाखवणारा माणूस तो चालवतो का. चेहरा दाखवायची गरज नाही, ओळखपत्र किंवा बँकेचे कागद तर दाखवूच नयेत. आम्ही आधी रेकॉर्डिंग न करता नुसता फोन धरून चालून पाहिलं. कोपऱ्यावरची रस्त्याच्या नावाची पाटी, शेजारच्या इमारती, मग दादाचा बोर्ड. बोर्डवर तीन सेकंद थांबायचं, अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग दादाचा हात, कुलपात किल्ली, शटर वर. इथे अडचण लक्षात आली: बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की कॅमेऱ्याला काही क्षण सगळं काळं दिसतं. म्हणून टेबलावरचा दिवा आतून लावून ठेवला, शटर पुन्हा ओढलं, कुलूप घातलं आणि खऱ्या रेकॉर्डिंगला सुरुवात केली. आत टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हरचा स्टँड, ट्रेमध्ये उघडलेली घड्याळं. ग्राहकांची नावं लिहिलेली पाकिटं आधीच पालथी करून ठेवली होती. शेवटी दादाने ड्रॉवर उघडून पावतीपुस्तक काढलं. दोन मिनिटांच्या आत संपलं.

तपासायला कामकाजाचे पाच दिवस लागू शकतात असं स्क्रीनवर येतं. पडताळणी चालू असताना नाव, पत्ता आणि वर्ग (म्हणजे व्यवसायाचा प्रकार) यांना हात लावू नये, त्यामुळे पुढचे दिवस नुसते काढायचे. दादा रोज विचारायचा, “आलं का?” आलं, मुदतीत आलं. फेब्रुवारीचा मध्य उजाडला होता. इथवर खर्च शून्य.

मग माहिती भरणं. हे काम सोपं दिसतं, पण आमच्यात सगळ्यात जास्त वाद इथेच झाले. दादाला नावापुढे ‘सर्वोत्तम’, ‘खात्रीशीर’, ‘सर्व कंपन्यांची घड्याळं’ असं सगळं जोडायचं होतं, कारण आसपासचे काही जण तसं करतात. नियम मात्र स्पष्ट आहे: बोर्डवर जे नाव, तेच इथे. नावात शब्द कोंबले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. मग अपील करा, पुरावे जोडा, आणि पुरावे जोडण्याचा फॉर्म उघडला की हातात एकच तास असतो. एवढं ऐकल्यावर तो गप्प बसला. (वेळ आलीच तर हाताशी असावेत म्हणून नोंदणीचे कागद आणि बोर्डचा फोटो मी एका फोल्डरमध्ये ठेवलेत.)

मुख्य वर्ग एकच निवडता येतो, वर आणखी नऊ. नऊच्या नऊ भरायचे नाहीत. ‘घड्याळ दुरुस्ती’ मुख्य ठेवला आणि त्याच्याशी थेट संबंध असलेला एखादा. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. आम्ही त्याच्या निम्म्यातच आटोपलं. सेवांची यादी मात्र मन लावून केली. दादाने त्या आठवड्यात फोनवर लोक काय विचारतात ते एका कागदावर लिहून ठेवलं: भिंतीवरचं घड्याळ करता का, सेल लगेच बदलून मिळतो का, पट्टा लहान करून देता का, काच मिळेल का, आजोबांचं चावीचं घड्याळ आहे, चालू होईल का. तीच यादी, त्याच शब्दांत, सेवांमध्ये टाकली.

नकाशावरची पिन पत्त्यावरून आपोआप बसते ती बरोबर असेलच असं नाही. आमची मागच्या गल्लीत पडली होती. झूम करून अगदी दारावर आणून ठेवली, मग पायी चालत जाऊन तपासली. रोजच्या वेळा भरल्या, आणि दुपारी दादा जेवायला जातो तेव्हाची सुट्टी दोन वेगवेगळे कालावधी टाकून दाखवली. सणासुदीच्या आणि सुट्टीच्या दिवसांसाठी ‘विशेष वेळा’ असा वेगळा पर्याय आहे. तो भरला नाही तर नकाशा त्या दिवशीही ‘उघडं आहे’ असंच सांगत राहतो आणि लोक बंद दारासमोर उभे राहतात. फोटो फोनवरच काढले, दिवसाच्या उजेडात. समोरून दिसणारं दार सगळ्यात आधी, कारण माणूस रस्त्यावर उभा राहून तेच शोधत असतो.

प्रोफाइल सुरू झालं आणि फोन यायला लागले. ग्राहकांचे थोडे, विकणाऱ्यांचे जास्त. ‘तुमचं लिस्टिंग आज रात्री बंद होणार आहे, आत्ताच शुल्क भरा.’ ‘आम्ही तुम्हाला पहिल्या क्रमांकावर आणतो.’ पहिल्या प्रकारच्या फोनवर तोंडपाठ उत्तर ठेवा: प्रोफाइलला शुल्क नसतं. फोनवर आलेला ओटीपी किंवा पडताळणीचा कोड कुणालाही सांगू नका, तो देणं म्हणजे प्रोफाइलची किल्ली देणं. दुसऱ्या प्रकाराबद्दल गूगलच्या मदत पानावरच लिहिलंय की स्थानिक निकालांत वरचा क्रमांक पैसे देऊन मिळत नाही. जाहिरात घेता येते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. क्रमांक तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणारा किती लांब आहे, आणि तुम्ही किती परिचित आहात. मधली गोष्ट कुणाच्याच हातात नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला दादा वर दिसत नाही, आणि तो सेल बदलायला एवढ्या लांब येणारही नाही.

मार्चमध्ये रिव्ह्यूंकडे वळलो. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची थेट लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो छोट्या कार्डावर छापून घेतला. या सगळ्या प्रकरणात खिशातून गेलेले हे पहिले पैसे. दुरुस्त झालेलं घड्याळ देताना दादा कार्ड पुढे करतो आणि म्हणतो, “जमलं तर लिहा, जे वाटेल ते.” सवलत देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच कार्ड देणंही बसत नाही. घरच्यांनी लिहिणंही नाहीच. आत्याने उत्साहात फोन काढला होता, तिला आवरावं लागलं.

एप्रिलमध्ये एक तारा आला. ‘दुरुस्त करून घेतलं, पुन्हा बंद. पैसे वाया.’ दादाला हे फार लागलं. त्याने रात्री बसून चार परिच्छेदांचं उत्तर लिहिलं, त्यात त्या घड्याळाचा इतिहास, मशीनची अवस्था, आणि ‘आपण घड्याळ घालून आंघोळ करता हे आपणच सांगितलं होतं’ इथपर्यंत सगळं होतं. पाठवू दिलं नाही. ग्राहकाने आपल्याला सांगितलेली गोष्ट चारचौघांत मांडायची नसते, मग ती खरी का असेना. रिव्ह्यू काढून टाकण्याची विनंती करता येते, पण ती धोरण मोडलं असेल तरच चालते: शिवीगाळ, बनावट मजकूर, दुसऱ्याच व्यवसायाबद्दल लिहिलेलं. ‘आम्हाला पटलं नाही’ हे कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून लिहिलेलं उत्तर असं होतं:

‘घड्याळ पुन्हा बंद पडून तुम्हाला त्रास झाला, याचं वाईट वाटतं. उघडून पाहिल्याशिवाय कारण सांगता येणार नाही. घेऊन या, तुमच्यासमोर उघडून दाखवतो. आमच्या कामात काही राहिलं असेल तर पैसे लागणार नाहीत.’

तो माणूस आला. काचेच्या कडेने पाणी शिरलं होतं, दादाने त्याला भिंगातून गंज दाखवला. रेटिंग त्याने बदललं नाही. पण ते उत्तर इतर लोक वाचतात. नंतर एका बाईंनी फोन करून पहिला प्रश्न हाच विचारला: “तुम्ही समोर उघडून दाखवता ना?” आता बहुतेकांना दादा आपणहून दाखवतो. वेळ जातो, पण त्याला ते आवडायला लागलंय असं मला वाटतं.

वेबसाइट हवीच का, यावर मी बरेच दिवस घुटमळले. प्रोफाइलवर फोन, वेळ, रस्ता सगळं दिसतं. शेवटी एकच पान करायचं ठरवलं, कारण जुन्या घड्याळांबद्दल लोकांना जरा सविस्तर वाचायचं असतं आणि स्वतःच्या मालकीची एक तरी जागा असावी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, दादाच्या नावावर, दादाच्या ईमेलवर घेतलं. आधीच्या अनुभवानंतर यात तडजोड नव्हती. घेतल्यावर ईमेल पक्का करण्याची एक लिंक येते. पंधरा दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन बंद पडू शकतं, आणि हे पत्र स्पॅममध्ये जाऊ शकतं. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त आणि नूतनीकरणाचा महाग असं अनेकदा असतं, म्हणून दोन्ही आकडे बघून मगच निवडा. डोमेन होस्टिंगला, म्हणजे पान जिथे ठेवलंय त्या सर्व्हरला, जोडल्यावर सगळीकडे दिसायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. तोवर माझ्या लॅपटॉपवर पान दिसायचं, दादाच्या फोनवर नाही. काही बिघडलेलं नसतं, थांबायचं. पत्ता ‘https’ने सुरू व्हावा, म्हणजे साइट सुरक्षित राहावी, म्हणून एसएसएल प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर विचार करा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि बरेच होस्टिंगवाले ते आपोआप बसवतात.

पानावर सगळ्यात वर नाव, नंबर आणि वेळ. नंबर असा टाकलाय की फोनवर बोट लावलं की थेट कॉल लागतो. वेळापत्रक चित्रात नाही, मजकुरात, म्हणजे कॉपी करता येतं आणि सर्चलाही वाचता येतं. फोनवरचे फोटो काही एमबींचे असतात, ते लहान करून टाकले. मग सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपलं पान सर्चमध्ये कसं दिसतं ते दाखवणाऱ्या गूगलच्या सोयीत, मालकी सिद्ध करायची: तिथून मिळणारी टीएक्सटी नोंद (मजकुराची एक ओळ) डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेन कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या नोंदींत) चिकटवायची. नाव भयंकर आहे, काम दहा मिनिटांचं. पान सर्चमध्ये दिसायला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत लागू शकतात. आमचं मेच्या मध्यावर दिसायला लागलं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस त्यामानाने पटकन झालं. एकाच नंबरवर साधं आणि बिझनेस दोन्ही चालत नाहीत, म्हणून घरच्या ग्रुपसाठी दादाचा दुसरा नंबर आणि ग्राहकांसाठी हा. बदलण्याआधी चॅटचा बॅकअप घ्या. रात्री आपोआप जाणारा संदेश लावला: आत्ता बंद आहे, उद्या उघडल्यावर बघतो, तोवर घड्याळाचा पुढून आणि मागून फोटो पाठवून ठेवा. या एका वाक्याने दादाचा बराच वेळ वाचला. सकाळी फोटो बघूनच तो सांगतो की ही काच मिळते, ही मागवावी लागेल.

प्रोफाइलच्या अहवालात किती जणांनी फोन केला, किती जणांनी रस्ता विचारला आणि काय शोधून लोक पोचले हे दिसतं. मी महिन्यातून एकदा बघते, रोज बघण्यात अर्थ नाही. रस्ता विचारणारा प्रत्येक जण येतोच असं नाही, पण जे शब्द शोधून लोक आलेत ते सेवांच्या यादीत नसतील तर तेवढे भरते. प्रोफाइलचा मालक दादा आहे, मी व्यवस्थापक. पासवर्ड त्याच्या वहीत, दोन टप्प्यांची पडताळणी त्याच्या फोनवर, डोमेन संपण्याची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये.

जून बहुतेक उरलेल्या जागा निस्तरण्यात गेला. बिंगवर (मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर) गूगलची माहिती थेट आयात करता येते, ते झटकन झालं. अ‍ॅपलच्या नकाशांसाठी २०२३ मध्ये ‘बिझनेस कनेक्ट’ ही सोय आली, तीही फुकट. तिथे पुन्हा पडताळणी. खरा वैताग जुन्या डिरेक्टऱ्यांचा, म्हणजे व्यवसायांचे पत्ते-नंबर देणाऱ्या साइट्सचा. काहींनी मेल केल्यावर लगेच बदललं, काहींनी ‘आधी प्रीमियम सदस्य व्हा’ म्हटलं. एक डिरेक्टरी अजून तशीच आहे. तिथे दादाचा जुना नंबर आहे, आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाला तरी मिळालाय. दादाने शेवटी त्यालाच फोन लावला, माफी मागितली आणि नवा नंबर दिला. भला माणूस निघाला. घड्याळाचा फोन आला की न चिडता हा नंबर सांगतो. डिरेक्टरीला मी परवा पुन्हा एक मेल टाकलाय.